दुसरी प्रत

“कंस सुरू,” असं मी बंद दारामागून ऐकलं आणि हातातला चहा बशीत सांडला. दुपारचे साडेतीन वाजले होते. ऑफिसच्या अरुंद पॅसेजमधून मी माझ्या टेबलाकडे चालले होते. छोट्या खोलीच्या दुधी काचेच्या दारामागे चिमणी वाचत होती. मोठ्याने, एका लयीत, एकही अक्षर न गाळता. संस्था, स्वल्पविराम, यापुढे जिचा उल्लेख, कंस सुरू, मालक, कंस पूर्ण, असा केला जाईल, पूर्णविराम. कंस म्हणताना किंचित वर चढणारा सूर माझा. पूर्णविरामानंतर मनात एक आकडा मोजून मगच पुढे जायचं, तेही माझंच. नऊ वर्षं ही मुलगी माझ्या समोर बसून वाचत आली आणि आज ती वाचत होती तर समोर मी नव्हते. मी तिथेच उभी राहिले. बशीतला चहा बोटांवरून मनगटाकडे ओघळत होता आणि मला तो पुसायचंही सुचत नव्हतं.

आमचं ऑफिस कंपन्यांना आणि संस्थांना कायद्याचा सल्ला देतं. कोर्टात आम्ही जात नाही, कोर्टात जायची वेळ कोणावर येऊ नये म्हणून आम्ही असतो. करार लिहितो, समोरच्यांचे करार तपासतो, आणि सहीच्या आदल्या दिवशी वाचन करतो. वाचन ही माझी देणगी आहे या ऑफिसला. बावीस वर्षांपूर्वी मी इथे आले तेव्हा लोक मसुद्यावरून नुसती नजर फिरवायचे आणि वर चष्मा पुसत म्हणायचे, झालं बघून. मी पद्धत घातली. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, विरामचिन्हांसकट. दुसऱ्याने दुसऱ्या प्रतीवर पट्टी ठेवून ओळीओळीने खाली सरकायचं. चूक दिसली तर बोलायचं नाही, पेन्सिलीचं मागचं टोक टेबलावर एकदा आपटायचं. टक्. वाचणारा थांबतो, खूण करतो, पुढे जातो. संगणक आकडे आपोआप जुळवतो म्हणे, पण समोरच्या वकिलांकडून चार वेळा फिरून आलेल्या मसुद्यातले आकडे बघितलेत कधी? लग्नघरातल्या चपलांसारखे असतात. कोणाचा जोड कुठे, पत्ता नाही.

आणि नियमही माझाच. दुसरी प्रत नेहमी अशा माणसाच्या हातात द्यायची ज्याला तो करार ठाऊक नाही. जाणत्याला कागदावर जे असायला हवं ते दिसतं, अजाणाला जे आहे ते दिसतं. हे मी चिमणीला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तेव्हा ती तेवीस वर्षांची, हाताएवढी पोर, आवाज बारीक आणि बोलणं भरभर, म्हणून मीच तिला चिमणी म्हणायला लागले आणि मग सगळं ऑफिस म्हणायला लागलं. तिला काही येत नव्हतं म्हणूनच मी तिला समोर बसवलं. पुढे तिला सगळं यायला लागलं. मग आम्ही प्रती बदलल्या, ती वाचायला लागली आणि पट्टी माझ्या हातात आली. मला तर सगळंच पाठ होतं. माझा नियम माझ्यासाठी नव्हता, असं मी धरून चालले होते. कोणी काही बोललंही नाही.

काचेमागे पिवळा धब्बा हलला. पिवळा स्वेटर ऑफिसात एकीचाच, फोन घेणाऱ्या पोरीचा. ती सहा महिन्यांपूर्वी लागली. आमच्याकडे येणाऱ्या कंपन्यांची नावंही तिला नीट घेता येत नाहीत, भलत्याच टेबलाकडे फोन जोडून देते. तिच्या हातात दुसरी प्रत. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. उगाच शहाणपणाचे शब्द कशाला वापरू, मत्सर वाटला मला. पन्नाशी उलटलेल्या, पांढऱ्या केसांच्या बाईला फोनवालीचा मत्सर वाटला, आणि तो इतका खरा होता की दात शिवशिवले. या वर्षी संस्थांचं सगळं काम आमच्या मोठ्या वकिलांनी चिमणीकडे दिलं, खिडकीची खोली दिली, दारावर पाटी लावली, तेव्हासुद्धा मी पेढा खाल्ल्यासारखं तोंड करून तिच्या पाठीवर हात ठेवला होता. पाटीचं मला काही वाटलं नाही. खिडकीचंही नाही, माझ्या टेबलावर वारा येतो तेवढा पुरे. पण ती लाकडी पट्टी माझी आहे. तिच्या कडेला माझ्या बोटाने घासून खळगा पडलाय आणि त्या खळग्यात आता दुसरीचं बोट होतं.

असं दाराबाहेर मी आधीही एकदा उभी राहिले आहे. बाबांची नजर अधू झाली तेव्हा मी अकरा वर्षांची होते. शाळेतून आले की दप्तर टाकायचं आणि त्यांना पेपर वाचून दाखवायचा, हे काम माझं. धाकटीला जवळ फिरकूही द्यायचे नाही मी. ती अडखळते, जोडाक्षर आलं की तोतरी होते, बाबांना त्रास होईल, असं आईला सांगायचे. मी छान वाचायचे. कुठे कोण गेलं, कुठला कारखाना बंद पडला, असलं काही आलं की मी ते गाळायचे, आणि गाळलेल्या जागी आवाजात खड्डा पडू नये म्हणून दोन वाक्यं मनाची घालायचे. बाबा मान डोलवायचे. एकदा मला शाळेत उशीर झाला. घरी आले तर आतल्या खोलीतून धाकटीचा आवाज. रखडत, अक्षर अक्षर लावत ती वाचत होती आणि बाबा रडत होते. त्यांचा शाळेतला मित्र गेला होता, ती बातमी तिने जशी होती तशी वाचली होती. दाराच्या फटीतून मी पाहिलं तर बाबांनी तिचा हात धरला होता. माझा कधी धरला नव्हता. दुसऱ्या दिवसापासून पेपर धाकटी वाचायला लागली. मी आठवडाभर जेवताना बोलले नाही, तेव्हा बाबा म्हणाले, “तू वाचतेस ते फार छान असतं गं. पण पेपरात ते असतंच असं नाही.” मला ते कौतुक वाटलं होतं, इतकी मी भोळी. कौतुक नव्हतं हे कळायला बरीच वर्षं गेली, आणि कळल्यावर ते मी पुन्हा विसरले.

तर आत वाचन चाललं होतं, मधली कलमं माझ्या कानांवरून नुसती वाहून गेली होती. करार कुठला ते एव्हाना मी ओळखलं होतं. वृद्धाश्रम चालवणारी एक संस्था आहे, तिची इमारत एका कंपनीला तीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने द्यायची होती. आश्रम कंपनीने चालवायचा, इमारत संस्थेची राहणार. त्रेचाळीस म्हातारी माणसं तिथे राहतात. त्यांना हलवायचं नाही, रात्रीची नर्स काढायची नाही, जिन्याला कुलूप लावायचं नाही, अशा अटी कलम सतरामध्ये. आणि सगळ्यात शेवटचं कलम, सगळ्या कराराचा जीव त्यात. सतरामधली एकही अट मोडली तर संस्था इमारत परत घेऊ शकते. हा साचा मीच बसवला होता, मागे एका शाळेसाठी. चिमणीने नुसती शाळा काढून आश्रम घातला. पण शुक्रवारी प्रिंटरजवळ मी स्वतः पाहिलं होतं की नववं कलम, जाहिरातीच्या फलकाचं, काढून टाकलंय. एक कलम गेलं की पुढची सगळी एकेक पायरी खाली येतात. सतराचं सोळा झालं. सतरावर आता पत्रव्यवहाराचे पत्ते येणार.

चिमणी शेवटच्या कलमावर आली. मी श्वास धरला. “कलम सतरामध्ये नमूद केलेल्या अटींपैकी,” तिने वाचलं. सतरा. माझा श्वास सुटला. मग ती थांबली. पूर्णविराम नव्हता तिथे, तरी थांबली. एक आकडा मोजायचा तर तिने चार-पाच मोजले असतील. आत पेन्सिल वाजली नाही. पाणी पीत असेल, असं मला वाटलं. मग ती पुढे वाचायला लागली. आणि मी, खरं सांगते, पॅसेजमध्ये एकटीच हसले. म्हणजे कंपनीने त्रेचाळीस म्हाताऱ्यांना रस्त्यावर काढलं तरी चालेल, पत्ता बदलल्याचं कळवलं नाही तरच इमारत परत मिळणार! वा चिमणे. वा फोनवाली. घ्या अजाण माणसं समोर. नऊ वर्षांत असली चूक माझ्या पट्टीखालून गेली नव्हती. दार ढकलून आत जायला मला दोन पावलं पुरली असती. मी वळले आणि टेबलाशी गेले. डाव्या चपलेचा तळ महिनाभर सुटलेला आहे, पाऊल टाकलं की फट्फट् वाजतो. त्या शांत पॅसेजमध्ये तो जरा जास्तच वाजला.

फाईल उघडून खात्री करायला हवी होती, हे मलाही कळतं. पण आमच्या संगणकावर कोणी कुठली फाईल कधी उघडली ते नावानिशी दिसतं. मी उघडली असती तर उद्या दिसलं असतं की बाईंना काल चार वाजताच कळलं होतं. आणि मला ते उद्या कळायला हवं होतं, सगळ्यांच्या देखत. माझ्या डोक्यात बेत इतका नीट बसला होता की जणू मी त्याचंही वाचन करून घेतलं होतं, स्वल्पविरामांसकट. सहीच्या टेबलावर कागद ठेवलेले, पेनची टोपणं निघालेली, आणि मी एकदा टक् करणार. मी काही राक्षसीण नाही. त्या म्हाताऱ्यांच्या हक्काला धक्का लागू दिला नसता. फक्त वाचवायचं ते मी वाचवायचं होतं, आणि चिमणीने ते बघायचं होतं.

पाचच्या सुमारास ती माझ्या टेबलाशी आली. उद्या अकराला साक्षीदार म्हणून माझी सही हवी होती. मी म्हटलं, येईन की, साक्षीला मी चालते अजून. टोमणा तिला कळला असावा, कारण ती लगेच गेली नाही. माझ्या टेबलावरची टाचणीची डबी उघडून बंद केली, पुन्हा उघडली. मग म्हणाली, “बाई, या करारात काही राहिलंय असं वाटतं का तुम्हाला?” मी तिच्याकडे न बघता म्हटलं की मी कुठे वाचलाय तो. ती बरं म्हणाली. डबीचं झाकण तिने नीट बसवलं आणि गेली. तिच्या पाठीकडे बघत मी डबा उघडला. भूक लागली असेल असं म्हणून उरलेलं खाऊन टाकलं.

घरी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो पाणीपुरवठ्यात नकाशे काढायचा, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाला, तेव्हापासून माझ्या ऑफिसचे नकाशे काढतो. कोण कुठे बसतं, कोणाचं कोणाशी पटत नाही, सगळं त्याला तोंडपाठ. जेवता जेवता त्याने शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, आत्ता फोन करून सांग ना तिला, रात्रीतून दुरुस्त करेल बिचारी. मी म्हटलं, उद्या सांगणारच आहे. तो म्हणाला, “उद्याच का पण?” मी त्याला म्हटलं की आमटी निवतेय. त्याने पुढे विचारलं नाही. तीस वर्षांच्या संसारात एवढं शिकलाय. ताटं उचलताना मात्र म्हणाला की ती चप्पल तेवढी टाक आता, दारात आलीस की चार घरांना कळतं. मी म्हटलं, कळू दे.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मोठ्या खोलीत सगळे बसले. संस्थेच्या अध्यक्षबाई आल्या होत्या. चाळीस वर्षं इस्पितळात नर्स होत्या, त्यांना सगळे मेट्रन म्हणतात. उंच, ताठ, मनगटावर अजून पुरुषी घड्याळ. कंपनीचा माणूस टाय सारखा करत बसला होता. त्याच्या शेजारी आमचे मोठे वकील, आणि पलीकडे चिमणी, दोन्ही प्रती समोर ठेवून. चहाचे कप फोनवालीने आणले आणि ती जायला निघाली, तर चिमणीने तिला खुणेने बसवून घेतलं. हे तर फारच झालं. माझ्यासमोर फोनवाली खुर्चीत. मेट्रननी चष्मा लावला, पेन घेतलं, आणि पेन टेकवता टेकवता म्हणाल्या की आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी काल रात्री विचारलं, मला नाही ना काढणार. मी त्यांना सांगून आलेय की कागदावर लिहिलंय. 

मी पेन्सिलीचं टोक टेबलावर आपटलं. टक्.

सगळे थांबले.  मी घसा साफ केला आणि म्हणाले, “शेवटच्या कलमात सतरा लिहिलंय. तिथे सोळा हवं. नववं कलम गेलंय, विसरलात वाटतं.” शेवटचे दोन शब्द बेतात नव्हते, ते आपसूक आले. कंपनीचा माणूस कागद चाळायला लागला. मोठ्या वकिलांची मान चिमणीकडे वळली. मेट्रननी पेन वर उचलून धरलं, जणू ते गरम झालंय. ज्या क्षणासाठी मी रात्रभर जागी होते तो हा. आणि मी चिमणीच्या चेहऱ्याकडे पाहिलं, तर तो पडला नव्हता. ती माझ्याकडे बघत होती, आजारी माणसाकडे बघतात तसं.

तिने पानं उलटली नाहीत. फोनवालीनेच हळूच प्रत ओढली, बोट ठेवलं, आणि रखडत, अक्षर अक्षर लावत वाचलं. “कलम सतरा. रहिवाशांच्या संदर्भातील अटी.” मग तिने घाबरत सांगितलं की नववं गेलं, पण सोमवारी समोरच्यांनी बारावं घातलं, पाण्याच्या टाकीच्या देखभालीचं, म्हणून आकडे परत होते तिथे आले. तिने प्रत्येक कलम उघडून बघितलं होतं, कारण तिला कुठलंच पाठ नव्हतं. कंपनीचा माणूस म्हणाला, हो, बारावं आमचं. सतरा बरोबर होतं. शुक्रवारनंतर तो करार मी पाहिलाच नव्हता. मी जे ऐकलं होतं ते माझ्या डोक्यातल्या प्रतीवरून ऐकलं होतं. कान लाल झाले. जमीन दुभंगत नाही, एवढंच त्या वेळी नीट कळलं.

मेट्रन माझ्याकडे बघून काही बोलणार तोच चिमणी सहज आवाजात म्हणाली की आमची ही पद्धत आहे. सहीच्या आधी शेवटची एक टक् बाईंची असते, मुद्दाम, सगळ्यात महत्त्वाच्या कलमावर, म्हणजे दोन्ही बाजूंनी ते डोळ्यांनी पाहून घ्यावं. असली पद्धत आमच्याकडे कधीच नव्हती. मोठ्या वकिलांना ते माहीत होतं, त्यांनी चहाचा कप तोंडाला लावला. मेट्रनचा चेहरा खुलला. त्या म्हणाल्या, बरं केलंत हो, आता मी आजोबांना सांगीन की दोनदा बघितलं. आणि त्यांनी सही केली.  मग साक्षीदार म्हणून मी केली. माझं नाव मला लिहिता आलं हेच खूप, अक्षर दुसऱ्या कोणाचंतरी वाटत होतं.

सगळे गेल्यावर चिमणीने मला पॅसेजमध्ये गाठलं, त्याच दुधी काचेच्या दाराशी. मला वाटलं आता चिडेल, आणि चिडली असती तर बरं झालं असतं, मीही चार शब्द सुनावले असते. ती चिडली नाही. खाली माझ्या पायांकडे बघत होती. मग म्हणाली, “काल तुम्ही बाहेर होतात. तुमची चप्पल मला लांबून ओळखू येते.”  “शेवटच्या कलमाला तुमचा श्वास ऐकला मी. म्हणून थांबले. म्हटलं, काहीतरी खटकलंय बाईंना, आत येतील. आला असतात तर तिथल्या तिथे दाखवलं असतं, आपल्या तिघींत. मी थांबले होते, बाई.” तिचा बारीक आवाज तिथे जरा फाटला. “का नाही आलात?”

उत्तर मला माहीत होतं. ते एका ओळीचं होतं, त्यात एकही कंस नव्हता. तू दुसरीसमोर वाचत होतीस म्हणून. एवढं म्हटलं असतं तर कदाचित तिने माझा हात धरला असता. मी म्हटलं, मला खात्री नव्हती गं. चिमणी बरं म्हणाली. कालच्यासारखंच. तिला ते पटलं नाही, हे तिला आणि मला दोघींना कळलं, आणि आम्ही आपापल्या टेबलाकडे गेलो. संध्याकाळी निघताना मी माझी पट्टी मागायला त्या खोलीत गेले. ती टेबलावर होती, खळग्यापाशी फोनवालीने चिकटपट्टीचा तुकडा लावला होता, बोट घसरू नये म्हणून. मी ती तिथेच ठेवली.

पुढच्या मंगळवारी पुन्हा वाचन होतं, कुठल्याशा औषधकंपनीचं. मला कोणी बोलावलं नव्हतं, आणि नियम माझाच होता, तेव्हा तक्रार कोणाकडे करणार. साडेतीनला मी चहा घेऊन पॅसेजमध्ये आले. दूर होते तेव्हाच चिमणीचा आवाज कानावर आला, कंस सुरू, सूर किंचित वर. मी कप कपाटावर ठेवला. मागेपुढे कोणी नाही असं बघितलं. मग वाकले, आधी डावी चप्पल काढली, मग उजवी, दोन्ही हातात घेतल्या आणि गार फरशीवरून दारापर्यंत गेले. श्वाससुद्धा बेतानेच घेत होते. पिवळा धब्बा पट्टीवर वाकला होता. चिमणी वाचत होती. मी ऐकत उभी राहिले, आणि या वेळी ती कुठेच थांबली नाही.